साखळी सैल, वायर ताठ

मी दिवसभर वायरी ओढते. पगारच त्याचा मिळतो. नाशिकच्या अंबडला आमच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेल बनतात आणि तयार झालेलं प्रत्येक पॅनेल पॅकिंगला जायच्या आधी माझ्या हाताखालून जातं. ड्रॉइंग जुळवायचं, फेरूलचे, म्हणजे वायरीच्या टोकावरच्या कड्यांचे, नंबर वाचायचे, स्क्रूवरच्या खुणा बघायच्या आणि मग एकेक वायर चिमटीत धरून ओढायची. हलली तर पॅनेल परत. चौदा वर्षं हेच चाललंय. लाइनवरची पोरं माझ्यामागे मला ‘ओढाताण मॅडम’ म्हणतात. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

तर अशा बाईच्या सासूबाईंना आपल्याच ओसरीतल्या दिव्याचा शॉक बसला.

आम्ही राहतो सिडकोत. सासूबाई, मोठे दीर आणि जाऊबाई पंचवटीतल्या जुन्या घरात. घर जुनं, पण पुढची ओसरी आणि वरची खोली १९८६ मध्ये स्लॅब टाकून वाढवलेली. खालच्या मजल्यावर २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीचं पाणी आलं होतं, तेव्हापासून तिथले सगळे प्लग छातीच्या उंचीवर नेले आहेत. मोबाइल चार्जिंगला लावायचा तर हात वर करावा लागतो. नवीन पाहुण्याला ते विचित्र वाटतं, आम्हाला नाही.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे खरा रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. आणि तो रहाडीत. रहाड म्हणजे पेशवाईपासूनचा जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर वरून बुजवलेला असतो, त्याच्यावरून गाड्या जातात, आणि रंगपंचमीला उघडतात. शनि चौकातल्या रहाडीत बुचकळून आलेली घरातली पोरं ओसरीत अंग झाडत उभी राहिली आणि भिंती, कोनाडा, वरचा पितळी दिवा, सगळं रंगलं.

हा दिवा मागच्या दिवाळीतला. भांडीबाजारातून आणलेली पितळी हंडी, आत एलईडी बल्ब, वर नक्षीची साखळी. वजन सव्वातीन किलो. हे मी नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहिलं. दिवा लावायला दुकानातूनच एक मुलगा आला होता, वीस मिनिटांत लावून गेला. दिवा लागला, सगळे ‘वा’ म्हणाले, मीही म्हणाले. खाली उभी राहून वर बघून ‘वा’ म्हणाले आणि फराळाला बसले. कारखान्यात असं एक पॅनेल तरी सोडलं असतं का मी?

आई, म्हणजे सासूबाई, लाकडी स्टुलावर चढल्या. हातात ओली चिंधी आणि पितांबरी. डाग नीट दिसावेत म्हणून दिवा लावूनच घेतलेला. दुसरा हात आधाराला खिडकीच्या गजावर. हंडीला चिंधी लागली आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला. झटक्यानेच हात सुटला, आणि स्टुलावरून पडल्या नाहीत ही देवाची कृपा. सकाळी अकराला झालेली गोष्ट मला रात्री आठला फोनवर कळली, तीही कैरीचं लोणचं कधी घालायचं या बोलण्याच्या मधे. “अगं, त्या दिव्याला जरा करंट आहे वाटतं. हाताला मुंग्या आल्या. आता मी सुक्या फडक्यानेच पुसणार.”

मी लोणचं तिथंच थांबवलं. भाऊजींना फोन द्यायला सांगितला आणि ओसरीचा एमसीबी, म्हणजे जादा करंटने आपोआप पडणारा खटका, पाडायला लावला. त्यावर पट्टी चिकटवायला सांगितली आणि त्या पट्टीचा फोटो मागवला. “तू जरा जास्तच करतेस,” असं ते म्हणाले नाहीत, पण फोटो पाठवायला त्यांनी जितका वेळ लावला त्यातून ते कळलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर रविवार कारंजावरून होळकर पुलाने पंचवटीत पोचले. मामा आधीच येऊन चहा घेत होते. मामा म्हणजे घराचे वायरमन. या ओसरीचं वायरिंग १९८६ मध्ये त्यांनीच केलेलं. सासऱ्यांपासूनचे सगळे त्यांना मामाच म्हणत आलेत. सत्तरीला टेकलेत, परवाना अजून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत बाळगतात. दिवाळीत दुकानातल्या मुलाकडून दिवा बसवून घेतला, याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता. “मला एक फोन केला असता,” एवढंच म्हणाले, पण तीन वेळा म्हणाले.

घोड्यावर, म्हणजे दुपाखी शिडीवर, चढायच्या आधी मी खालूनच नीट पाहिलं. पाच महिने त्या दिव्याखालून ये-जा केली, पण पाहिलं त्या दिवशी. साखळी सैल होती आणि साखळीतून ओवलेली वायर ताठ. साखळीच्या कड्या पोटात झोळ पडावा तशा एका बाजूला कलल्या होत्या आणि वायर सतारीच्या तारेसारखी सरळ. म्हणजे सव्वातीन किलोची हंडी वायरीवर लटकत होती आणि साखळी शोभेला होती. व्हायला हवं बरोबर याच्या उलट.

मामांनी टेस्टर हंडीला लावला. एमसीबी वर केला, बटण दाबलं, टेस्टर पेटला. माझा टेस्टरवर फारसा विश्वास नाही, तो नुसत्या शेजारच्या वायरीच्या सावलीनेही मिणमिणतो. म्हणून मी पिशवीतून मीटर काढलं, एक टोक प्लगच्या अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, पिनला आणि एक हंडीला. २२७ व्होल्ट. बटण बंद केल्यावर शून्य. म्हणजे बटण निदान फेजमध्ये, करंट आणणाऱ्या वायरीत, होतं. ते न्यूट्रलमध्ये, परतीच्या वायरीत, असतं तर दिवा विझवलेला असतानाही हंडीत करंट राहिला असता.

एमसीबी का पडला नाही, हे भाऊजींनी विचारलं. चांगला प्रश्न. तो एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून ३०–४० मिलिअँपिअर गेले तरी जिवाशी गाठ असते, आणि तेवढ्याने एमसीबीच्या कानावर माशीही बसत नाही. तो वायर वाचवायला असतो, माणूस नाही. हंडी चांगल्या अर्थला जोडलेली असती तर फेज तिला लागल्याक्षणी मोठा करंट अर्थमधून धावला असता, एमसीबी पडला असता, सगळं तेव्हाच उघडकीला आलं असतं. पण हंडीला अर्थ नव्हताच. दोनच वायरी, लाल आणि काळी, पीळ दिलेल्या. आत गेल्यावर कळलं की स्लॅबमधल्या बॉक्समध्ये मामांनी चाळीस वर्षांपूर्वी सोडलेली हिरवी वायर होती, पण तिचं टोक कापून, दुमडून, कोपऱ्यात दाबून ठेवलेलं. दिव्याला तिसरी वायर नाही, मग हिचं काय करायचं, असा त्या मुलाचा हिशेब असावा.

मामांच्या तोंडून तेव्हा जे निघालं ते इथे लिहीत नाही.

मेन बंद केला. मीटर आधी चालू प्लगवर तपासून घेतलेलं होतंच, ते परत त्याच प्लगला लावलं. शून्य. मग मी चढले. मामांचा गुडघा दुखतो आणि माझ्यावर त्यांचा तेवढा भरवसा आहे. झाकणाचे दोन स्क्रू सोडवले. झाकण म्हणजे गोल पत्रा, मधोमध ड्रिलने पाडलेलं भोक. त्या भोकातून वायरी वर गेलेल्या, वर एक गाठ मारलेली, गाठीच्या पुढे पट्टी कनेक्टर.

मी बोट फिरवलं तर भोकाची वरची कड करवतीसारखी. ड्रिल मारल्यावर पत्र्याची जी खरखरीत धार उभी राहते, ती कानसून काढायची असते. इथे ती तशीच होती आणि गाठ नेमकी तिच्यावर टेकलेली. पाच महिने दार उघडलं की हंडी झोका घेणार, पोरं जाता-येता टप्पल मारणार, आणि प्रत्येक झोक्याला ती धार लाल वायरीच्या आवरणात एक केस आत जाणार. आवरण असतं केवढं? मिलिमीटरभरसुद्धा नाही. लाल वायरीवर अर्ध्या वेढ्याएवढी चीर पडलेली, आत तांब्याचे चार-पाच तंतू दिसत होते, त्यातले दोन काळे पडलेले. ते पत्र्याला टेकले, पत्रा स्क्रूने बॉक्सला, बॉक्सला आकडा, आकड्यात साखळी, साखळीला हंडी आणि हंडीला आई. जागच्या जागी सगळी गोष्ट सांगितलेली.

मी झाकण खाली मामांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर करून भोक बघितलं आणि म्हणाले, “गाठ मारलीय बाकी बरोबर.”

यावर आमची थोडी जुंपली. मामांच्या काळात छताला सीलिंग रोज, म्हणजे गोल डबी, त्यातून दोन वायरी, खाली होल्डर आणि चाळीसचा किंवा साठचा बल्ब. सीलिंग रोजमध्ये आणि होल्डरच्या टोपीत, दोन्हीकडे गाठ मारायची. का, तर ओढ गाठीवर यावी, स्क्रूवर येऊ नये. ते अगदी बरोबरच होतं. बल्ब-होल्डरचं वजन ते किती, आणि बॅकेलाइटच्या टोपीचं भोक गुळगुळीत असतं. पण त्याच गाठीला पत्र्याच्या भोकात सव्वातीन किलो पितळ लावायचं म्हणजे लग्नातल्या मुंडावळ्यांना डोंगर बांधण्यासारखं. मामा म्हणाले, “आजवर माझी एक गाठ सुटली नाही.” मी म्हटलं, “मामा, ही पण सुटली नाही. वायर कापली.” मग ते हसले.

माझं म्हणणं साधं आहे. कनेक्टरचा स्क्रू करंट पोचवायला असतो. वजन धरायचं काम आकड्याचं आणि साखळीचं. ओढ, पीळ, झोका हे धरायचं काम ग्लँडचं, म्हणजे केबल आवळून धरणाऱ्या बुचाचं, किंवा क्लॅम्पचं, आणि तोही केबलच्या बाहेरच्या आवरणाला धरणार, आतल्या वायरींना नाही. कारखान्यात पॅनेलमध्ये येणारी एकही केबल ग्लँडशिवाय आत घेत नाहीत. तिथे ते कुणाला सांगावंही लागत नाही. घरच्या छतात मात्र ‘टेप मार, चालतंय’.

मी दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येते म्हणून निघाले. आणि इथे माझीच फजिती झाली, तीही सांगते. नवीन केबल घेतली तीन कोरची, गोल, लवचीक, ०.७५ स्क्वेअर एमएमची. १२ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर अँपिअरचा विसावा हिस्सा घेतो, त्यामुळे करंटचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आवरणाचा आणि हिरव्या वायरीचा होता. केबलची जाडी कॅलिपरने मोजली, साडेसहा एमएमच्या आसपास. त्या मापाचा नायलॉनचा ग्लँड पीजी ९, तो चार ते आठ एमएमची केबल धरतो. चार घेतले, असावेत म्हणून. पंचवटीत येऊन घोड्यावर चढले, झाकणाच्या भोकात ग्लँड घातला आणि तो तिथून सरळ मामांच्या चहाच्या कपात. भोक होतं वीस एमएमचं. केबल मोजली, भोक मोजलंच नाही! चौदा वर्षं मापं तपासते मी.

मामा काही बोलले नाहीत. ग्लँड कपातून काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, “एम २० चा आण. तो सहाच्या पुढची केबल धरतो. चहा पण आण.”

एम २० चा ग्लँड गल्लीतल्याच दुकानात मिळाला. आधी गोल कानशीने भोकाची दोन्हीकडची धार काढली, आतून बाहेरून बोट फिरवून पाहिलं. मग ग्लँड घातला, वरून चेकनट. केबलचं बाहेरचं आवरण ग्लँडच्या वर बॉक्समध्ये साधारण एक सेंटिमीटर येऊ दिलं आणि तिथून पुढे सोललं. हा एक सेंटिमीटर महत्त्वाचा. आवरण ग्लँडच्या खालीच संपवलं तर रबराची पकड तीन सुट्या वायरींवर येते आणि त्या एकेक करून सरकतात. ग्लँडची टोपी हाताने आवळून मग पकडीने अर्धा फेरा. जोर लावून अजून आवळायचा मोह होतो. तसं केलं तर आवरण आत चेपतं, वर्षभराने तिथेच कडक होऊन तडकतं.

वायरी सोलताना मामांनी सवयीने दाताने सोलायला घेतल्या. पुढचा एक दात त्यांचा त्या कामात गेलेला आहे, तरी. मी हातात स्ट्रिपर दिला. आतल्या तीन वायरी पंधरा सेंटिमीटर लांब ठेवल्या, म्हणजे पुढे कधी उघडलं तर झाकण खाली धरून काम करता येईल. हिरवी बाकी दोघींपेक्षा दोन बोटं लांब. कधी काळी ग्लँड सैल पडून केबल ओढली गेलीच तर आधी लाल-काळी निघावी, अर्थ सगळ्यात शेवटी. तंतू एकत्र राहावेत म्हणून टोकांना पिन लग, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबले, पट्टी कनेक्टर बदलला. हंडीच्या आत एका स्क्रूजवळचं लाखेचं पॉलिश खरवडून पितळ उघडं केलं आणि तिथे अर्थचा लग दातेरी वॉशर घालून बसवला. पॉलिशवर बसवलेला अर्थ म्हणजे दाराला टांगलेलं कुलूप, किल्ली न फिरवता.

साखळीच्या तीन कड्या काढल्या. आता ती ताठ आणि केबल तिच्यातून सैल ओवलेली. 

पण छतातली हिरवी वायर तरी कुठे जाते? ती मीटरने प्लगच्या अर्थपर्यंत लागली. पुढे मामांनी त्यांची जुनी परीक्षा घेतली. होल्डरमध्ये शंभरचा बल्ब, एक वायर फेजला, एक अर्थला. बल्ब लागला, पण पिवळट, कावीळ झाल्यासारखा. परसात तुळशीमागे अर्थचा खड्डा, कोळसा-मीठ घालून केलेला, आणि त्यात पाणी घालायचं गेल्या किती वर्षांत कुणालाच आठवलं नव्हतं. जाऊबाईंनी दोन बादल्या ओतल्या, मामांनी पाइपावरचा गंजलेला नट सोडवून, घासून, परत आवळला. बल्ब पांढरा लागला. आई म्हणाल्या, “तुळशीला रोज घालते, हिला पण घालत जाईन.” त्याशिवाय मेनशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच पडणारा खटका, बसवला. बसवल्याबरोबर तो पडला. न्हाणीघरातल्या गिझरमधून करंट गळत होता, तो वेगळा अध्याय आहे.

हे सगळं मी रात्री माझ्या धाकट्या दिराला व्हिडिओवर दाखवलं. तो टेक्सासला असतो, तिथे नुकतंच घर बांधून घेतलंय. त्याच्याकडे भिंती लाकडी, त्यात पाइप नाही, आवरणाची केबलच सरळ भिंतीतून दिव्याच्या बॉक्सपर्यंत जाते. त्यामुळे बॉक्सच्या तोंडाशी तिला क्लॅम्प हवाच. आवरण किमान पाव इंच आत यायला हवं आणि पुढे सहा इंच मोकळी वायर. प्लॅस्टिकच्या छोट्या बॉक्सला क्लॅम्प नसेल तर बॉक्सपासून आठ इंचांच्या आत केबल लाकडाला ठोकून धरायची. आणि भिंती बंद करायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन हे सगळं उघड्यावर बघून जातो. तेही १२० व्होल्टसाठी. आपल्याकडे पीव्हीसीच्या पाइपातून सुट्या वायरी येतात, स्लॅबमधला पाइपच त्यांना धरून असतो, म्हणून बॉक्सच्या वरच्या बाजूची काळजी फारशी नाही. आपली गोची खालच्या बाजूला, जिथून दिव्याची केबल आत शिरते. तिथे बघायला कोणी येत नाही.

“वहिनी, तू आहेस ना,” तो म्हणाला. मी दिवाळीत ‘वा’ म्हणाले होते, हे त्याला सांगितलं नाही.

सगळं झाल्यावर मेन चालू करायच्या आधी मी हंडी दोन्ही हातांनी धरली आणि खाली ओढली. मग झाकणाजवळ केबल चिमटीत धरून ओढली. हलली नाही. मग मेन, एमसीबी, बटण. दिवा लागला. मीटर हंडीला, शून्य. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं, घर अंधारात गेलं, जाऊबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईंनी हंडी परत घासली. एमसीबी पाडून, सुक्या हाताने, आणि भाऊजींना खाली उभं करून. गुढी उभारल्यावर मामांना जेवायला बोलावलं होतं. मजुरी त्यांनी घेतली नाही, श्रीखंड तीन वाट्या घेतलं. निघताना कोनाड्यात ठेवलेले ते चार पीजी ९ त्यांना दिसले.

“हे टाकणार का?”

“नाही मामा, परत करायचे दुकानात.”

“परत कशाला करता,” म्हणत त्यांनी चारही उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टेस्टरशेजारी टाकले. “पेठ रोडला माझी तीन घरं आहेत. तिथली भोकं बारीक आहेत.”